वऱ्हांड्याची पायरी, नवार आणि एकोणिसाचा पाढा

जुलैत आमच्या मैदानात पाय टाकला की घोट्यापर्यंत चिखल. साताऱ्याच्या पश्चिमेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मुली रोज विचारतात, "मॅडम, आज तरी खो-खो?" आणि मी रोज त्यांना शाळेच्या वऱ्हांड्यात नेते, पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं करते आणि पाढे म्हणायला लावते. पालकांना ही शिक्षा वाटते. शेजारच्या तालमीतले वस्तादकाका एकदा हा प्रकार बघून म्हणाले, "बाई, पोरी नुसत्या उभ्या करून ठेवल्यात व्हय? पळवा की जरा!" हा सगळा खटाटोप टेंडनसाठी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरीसाठी. पावसात, छत्री सांभाळत त्यांना सगळं सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

खो-खोत पाटीवर आठ जणी बसलेल्या असतात. गुडघे पूर्ण दुमडलेले, भार चवड्यांवर, टाचा उचललेल्या. पाठीवर खो पडला की याच अवस्थेतून थेट धाव. उठायला वेळ नाही, दोन पावलं जमवून घ्यायला जागा नाही. हा सगळा झटका दोन ठिकाणी बसतो: गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर आणि टाचेमागच्या टेंडनवर. पळणाऱ्या मुलींचं दुखणं जरा वेगळं. खांबाला वळसा, हूल, भरधाव असताना एका पायावर थांबणं. पण ताण तिथेच.

जोर स्नायू लावतो, तो हाडापर्यंत पोचवतं टेंडन. रहाटाचा दोर सैल असला की आपण ओढतो आणि बादली जराशाने उचलली जाते, तसंच हे. टेंडन ताठ असेल तर मांडीने लावलेला जोर लगेच नडगीला मिळतो. म्हणून आमच्याकडची सगळ्यात चपळ मुलगी सगळ्यात दणकट मांड्यांची नाही, आणि याचं मला आता नवल वाटत नाही. शिवाय धावताना टाचेमागचं टेंडन प्रत्येक पावलाला ताणलं जातं आणि त्यात साठलेल्या ऊर्जेतला 90 टक्क्यांच्या आसपास भाग परत देतं. वेग आणि दुखापतीपासून बचाव ही मला दोन कामं वाटत नाहीत. ज्या व्यायामाने एक साधतं त्यानेच दुसरं साधतं.

अडचण वेळेची आहे. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो. टेंडनमध्ये जिवंत पेशी थोड्या, रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ते महिन्यांच्या हिशेबाने बदलतं. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी वाढत्या वयाच्या व्हॉलीबॉल खेळाडूंवर बरंच काम केलंय. त्यांना दिसलं ते हेच, की या मुलांचे स्नायू पुढे निघून जातात आणि टेंडन मागे राहतं. मी हे दर वर्षी बघते. मे महिन्यात मामाच्या गावाला जाऊन आलेली मुलगी जूनमध्ये चार बोटं उंच झालेली असते, उडी वाढलेली असते, घरचे खूश, आम्ही खूश. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धा लागतात आणि ती पायऱ्या उतरताना कठडा धरायला लागते.

2013 साली डेन्मार्कच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 1955 ते 1963 या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-14 (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) जवळपास दुप्पट झालं होतं आणि मग वर्षानुवर्षं कमी होत गेलं. अन्नातून ते शरीरात शिरतं, म्हणजे एखादी ऊती कधी बनली याची खूण तिच्यातच राहते. त्यांनी मृत व्यक्तींच्या टाचेमागच्या टेंडनचा गाभा तपासला. त्यातलं कार्बन-14 त्या माणसांच्या पहिल्या 17 वर्षांतल्या हवेशी जुळलं. म्हणजे गाभा वाढीच्या वयात घडतो आणि पुढे जन्मभर जवळजवळ तोच वापरायचा असतो. मोठेपणी व्यायामाने टेंडन ताठ होतच नाही असा याचा अर्थ नाही, होतं. पण हे वाचल्यानंतर आठवी-ब च्या वर्गात हजेरी घेताना माझी नजर बाकाखालच्या पायांकडे जायला लागली, हे खरं.

तर करायचं काय? जड आणि सावकाश. टेंडनला नुसती हालचाल पुरत नाही. भरपूर ताण हवा आणि तो काही सेकंद टिकायला हवा. अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की ताण आपल्या कमाल ताकदीच्या 70 टक्क्यांच्या वर असावा आणि हे किमान 12 आठवडे चालावं. मुलींच्या बाबतीत मी टक्के मोजत बसत नाही. शेवटच्या दोन वेळा तोंड वाकडं झालं पाहिजे आणि तरी पाठ सरळ राहिली पाहिजे, एवढंच बघते.

पायरीवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं, तीन मोजत टाच पायरीच्या खाली न्यायची, तीन मोजत वर. सोपं झालं की पाठीवर दप्तर. दप्तराचं ओझं कमी करा म्हणून शाळेला परिपत्रकं येतात. आमच्या वऱ्हांड्यात त्यात सामाजिक शास्त्राची जाडी वही आणखी घातली जाते.

गुडघ्यासाठी आमचा खो-खोचा खांबच कामाला येतो. पाऊस उघडला की खांबाला नवार बांधायची, खाटेला विणतात तीच, आणि तिचा फास दोन्ही गुडघ्यांच्या मागून घ्यायचा. मग मागे रेलून, नडगी उभी ठेवून, खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं. नवार गुडघ्यांना पुढे ओढते, त्यामुळे पूर्ण भार मांडीच्या पुढच्या भागावर आणि वाटीखालच्या टेंडनवर येतो. 45 सेकंद थांबणं, दोन मिनिटं विश्रांती, असं पाच वेळा. हे आकडे ऑस्ट्रेलियातल्या 2015 च्या एका प्रयोगातले आहेत. तिथे व्हॉलीबॉलपटूंचं गुडघ्याचं दुखणं असं जोर लावून नुसतं थांबल्याने लगेच कमी झालं होतं. आमच्याकडे घड्याळ एकच आणि ते माझ्या हातात, म्हणून मुली एकोणिसाचा पाढा सावकाश म्हणतात. घाई करणारी आपोआप सापडते, कारण एकोणीस सक पाशी अडखळते. सुती नवार चार बोटं रुंद घ्या. नायलॉनची घसरते आणि कातडी सोलते.

टाच सावकाश खाली नेण्याच्या व्यायामाची गोष्ट मुलींना फार आवडते. स्वीडनमध्ये उमेआ इथले हाकान आल्फ्रेडसन हे अस्थिशल्यविशारद. त्यांचंच टाचेमागचं टेंडन दुखत होतं. शस्त्रक्रिया करावी म्हणून ते मागे लागले, पण वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा यांनी ठरवलं की टेंडन इतकं बिघडवायचं की शस्त्रक्रिया करावीच लागेल. दुखत असतानाच रोज टाच पायरीखाली नेत राहिले. टेंडन तुटायचं सोडून बरं झालं. 1998 साली त्यांनी 15 हौशी खेळाडूंवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला: गुडघा सरळ ठेवून 15 चे तीन फेरे, गुडघा वाकवून 15 चे तीन, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. रोजचे 180 झाले. पुढच्या अभ्यासांत कमी वेळा पण जास्त वजनाने केलेला सावकाश व्यायामही तितकाच उपयोगी ठरला. मी तोच घेते, कारण 180 वेळा काहीही करायला आठवीतली मुलगी तयार होत नाही.

वस्तादकाकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शेकडो बैठका भराभर मारल्या की दम वाढतो, मांडी भरते, पण प्रत्येक बैठकीत टेंडनवर ताण क्षणभरच राहतो. तालमीतच जोडीदाराला खांद्यावर घेऊन सावकाश बैठका मारतात, ते माझ्या कामाचं. हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग तेच म्हणतोय की मी." म्हणत नव्हते, पण असो.

उड्या आणि दोरी नंतर. ऑगस्टमध्ये मैदान वाळायला लागलं की आधी दोन पायांवर छोट्या उड्या, मग एका पायावर, मग पाटीवरून उठून धाव. जोराच्या उड्यांचा दिवस झाला की पुढचा दिवस उड्यांविना. आणखी एक, मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि आमचा सराव मातीवर. मातीत पाय जरा सरकतो, मॅटवर जागच्या जागी बसतो, म्हणजे थांबतानाचा सगळा झटका पायाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मॅट पहिल्यांदा बघायची वेळ येऊ नये म्हणून मी आधीच ओळखीपाळखीने कुठे मॅट मिळते का शोधत असते.

दुखायला लागलं तर? खेळताना दुखतं का यापेक्षा मी दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय झालं ते विचारते. पहिली पावलं कालच्यापेक्षा जास्त आखडली असतील तर कालचा भार जास्त झाला. थोडं दुखून सकाळपर्यंत शांत होत असेल तर चालू ठेवायचं. महिनाभर पूर्ण विश्रांती घेऊन परत आलेली मुलगी बहुधा पहिल्याच आठवड्यात तिथेच अडते, कारण तेवढ्यात टेंडन आणखी मऊ पडलेलं असतं. मात्र वाढीच्या वयात वाटीच्या खाली हाडावर टेंगूळ येऊन दाबल्यावर दुखत असेल, तर ते वाढत्या हाडाचं दुखणं असू शकतं. तिथे नवार-बिवार काही नाही, आधी डॉक्टर.

औषधाबद्दलही एक सांगते, कारण पावसाळ्यात जुलाब आणि लघवीच्या त्रासावर ही औषधं घरोघरी असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या प्रतिजैविकांनी टेंडन दुखावतं, क्वचित तुटतंही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्येच त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. धोका साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असणाऱ्यांना जास्त, आणि औषध संपल्यावरही काही महिन्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टरांना आपण खेळतो, पळतो हे सांगा. आधीच्या चिठ्ठीवरून दुकानातून आणू नका.

आता मुलींच्या वडलांबद्दल. चाळिशीत मधुमेहाची भीती बसली की आमच्या गावात माणूस सातारा हिल मॅरेथॉनचं नाव नोंदवतो. त्या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढताना टाच खाली राहते आणि चवडा वर, त्यामुळे टाचेमागचं टेंडन सपाट रस्त्यापेक्षा जास्त ताणलं जातं. उतरताना गुडघ्याची पाळी. दमसास दोन महिन्यांत येतो, म्हणून हे लोक घाट चढूनही जातात, आणि मग मला विचारतात की कुठले बूट घेऊ. शर्यत सप्टेंबरात असते. पायरीवरचे 12 आठवडे आणि त्यावर घाटाची सवय धरायची तर मार्चमध्ये सुरुवात हवी. ते येतात ऑगस्टमध्ये, लंगडत, बुटांची पावती खिशात घेऊन.