बॉडचा वाद आणि तिसरा श्रोता

गेल्या आठवड्यात एका रात्री हौशी रेडिओच्या वीस मीटर बँडवर, १४.०९६ मेगाहर्ट्झच्या आसपास, मी एक क्षीण आरटीटीवाय (रेडिओ-टेलिप्रिंटर) संभाषण ऐकत बसलो होतो. संगणकावरच्या वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नलच्या सरकत्या चित्रावर, दोन बारीक समांतर रेघा खाली सरकत होत्या आणि शेजारच्या खिडकीत अक्षरे उमटत होती. काही चुकलेली, काही गळालेली, तरी दोन्ही कॉलसाइन (केंद्रांच्या ओळखखुणा) ओळखू येत होते. मध्येच दोन हजार हर्ट्झपेक्षा रुंद असा एक खरखरीत पट्टा त्या रेघांवर येऊन पडला, काही सेकंद वाजला, थांबला, पुन्हा वाजला. रेघा दिसेनाशा झाल्या. तो पट्टा कोणाचा होता हे मला शेवटपर्यंत कळले नाही, कारण तो उलगडणारे काहीही माझ्या संगणकावर नव्हते.

हौशी रेडिओवरील डिजिटल मोडना, म्हणजे संगणकाने संदेश पाठवण्याच्या पद्धतींना, किती आणि कसे नियम असावेत, यावर अमेरिकेत जो वाद वर्षानुवर्षे चालला आहे, त्याचे मूळ माझ्या मते अशा रात्रींत आहे; कागदावर मात्र तो बराच काळ बॉड या एका शब्दाभोवती फिरत राहिला. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे दूरसंचार आयोगाने, १९८० मध्ये हौशींना आस्की ही संगणकाची अक्षर-संकेतप्रणाली वापरण्याची मुभा दिली, तेव्हा २८ मेगाहर्ट्झखालील बँडवर ३०० बॉडची कमाल मर्यादा घातली. ज्या काळी बहुतेकांच्या टेबलावर पंचेचाळीस बॉडने टकटकणारे टेलिप्रिंटर होते, त्या काळी ही मर्यादा ऐसपैस वाटली असणार.

अडचण अशी, की बॉड म्हणजे सिग्नलची रुंदी नव्हे. एका सेकंदात सिग्नलची अवस्था किती वेळा बदलते, एवढेच बॉड सांगतो. पॅक्टर-३ हा मोड अठरापर्यंत सूर एकाच वेळी वाजवतो आणि प्रत्येक सूर सेकंदाला फक्त १०० वेळा बदलतो, म्हणून तो कायदेशीर ठरला. पॅक्टर-४ जवळजवळ तेवढीच जागा घेतो, पण एकच वाहक लहर सेकंदाला १८०० वेळा बदलतो, म्हणून तो बेकायदेशीर ठरला. शेजाऱ्याला होणारा त्रास दोघांचा सारखाच; तरी एकाला परवानगी आणि दुसऱ्याला बंदी. पुढे २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्टो रिकोची वाताहत केली, तेव्हा मदतकार्यातील संदेशांसाठी आयोगाला याच मर्यादेतून तात्पुरती सूट द्यावी लागली. जो नियम गरजेच्या वेळी बाजूला ठेवावा लागतो, तो एरवी नेमके कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला आणि तो रास्तच होता.

अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशींच्या संघटनेने २००५ मध्येच रुंदीच्या आधारे नियम करण्याचा प्रस्ताव मांडला होता, पण विरोध पाहून तो मागे घेतला. २०१३ मध्ये तिने पुन्हा याचिका केली, की बॉडची मर्यादा काढा आणि तिच्या जागी २.८ किलोहर्ट्झ रुंदीची मर्यादा घाला. आयोगाने २०१६ मध्ये पहिली मागणी उचलून धरली, पण रुंदीची मर्यादा नको असा कल दाखवला आणि अरुंद जागेत चालणाऱ्या मोर्सवाल्यांच्या पोटात गोळा आला. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही गोष्टी मान्य झाल्या आणि जानेवारी २०२४ पासून हा नियम लागू झाला. निर्णय योग्य होता, असे मला वाटते. त्याला दहा वर्षे लागावीत, याचे मात्र नवल वाटते.

पण बॉडचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता. खरी गाठ आहे ती तिसऱ्या श्रोत्याची. दोन केंद्रांतील संभाषण कोणाही तिसऱ्याला ऐकता यावे, हा या छंदाचा जुना संकेत आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीतही वेगवेगळ्या देशांतील हौशी केंद्रांनी अर्थ लपवण्याच्या हेतूने संदेश सांकेतिक करू नयेत, असे म्हटले आहे. सगळी मेख ‘हेतूने’ या शब्दात आहे. पॅक्टरसारख्या मोडवर चालणाऱ्या विनलिंक या रेडिओ-ईमेल व्यवस्थेतून जाणारा ईमेल आधी दाबून लहान केला जातो, मग त्याचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती पलीकडून येते. एखादा तुकडा बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो. ज्याला पावती मागता येत नाही अशा तिसऱ्याचा एखादा तुकडा निसटला, की पुढच्या मजकुराचा अर्थ त्याला लागत नाही. येथे लपवण्याचा हेतू नाही, हे मान्य. परिणाम मात्र लपवल्यासारखाच होतो.

२०१९ मध्ये आयोगापुढे चर्चेला आलेल्या एका याचिकेत हेच दुखणे मांडलेले होते: डिजिटल संकेत असा असावा, की तो कोणालाही मोफत साधनांनी पूर्ण उलगडता यावा. त्यावर समुद्रात शिडाच्या नौकेवरून घरी निरोप धाडणाऱ्यांनी आणि आपत्तीकाळात काम करणाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांची बाजू पोकळ नव्हती. जिथे दुसरे काहीच चालत नाही, तिथे हे मोड चालतात. पॅक्टर ऐकण्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारा मोफत प्रोग्रॅमही पुढे उपलब्ध झाला. तो बसवण्याइतकी खटपट किती जण करतील, हा वेगळा भाग. (मी अजून केलेली नाही, त्यामुळे वरची माझी तक्रार तेवढी सवलत देऊन वाचावी.)

एफटी८ या अगदी छोट्या संदेशांच्या मोडची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. जोसेफ (जो) टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेला हा मोड फक्त ५० हर्ट्झ जागा घेतो, पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी चालतो आणि त्याचा प्रत्येक शब्द कोणालाही वाचता येतो. वाचण्यासारखे त्यात फारसे नसते, ही जुन्या मंडळींची कुरकुर. पण तो काही नियमाने सोडवायचा प्रश्न नव्हे.

स्वयंचलित, म्हणजे माणसाविना हाकेला उत्तर देणाऱ्या, केंद्रांचा प्रश्न मात्र नियमाचाच आहे. अमेरिकी नियमांत रुंद सिग्नल पाठवणाऱ्या स्वयंचलित केंद्रांना ठरावीक पट्टे दिलेले आहेत; वीस मीटरवर १४.०९५ ते १४.०९९५ आणि १४.१००५ ते १४.११२ मेगाहर्ट्झ. म्हणजे त्या रात्रीचा तो खरखरीत सिग्नल अशा केंद्राचा असेल, तर तो आपल्या जागेतच होता आणि आरटीटीवायवाले पाहुणे होते. तरीही, हाक मारणाऱ्याला जेथे शांतता ऐकू येते तेथे दूरच्या केंद्राजवळ कोणी बोलत असू शकते, आणि ते केंद्र यंत्र असल्यामुळे ‘थांबा, येथे माणसे आहेत’ असे कोणी सांगत नाही. म्हणून मला वाटते, की बॉडची मर्यादा गेली त्याच वेळी या पट्ट्यांबाहेर न जाण्याचा आणि संकेत खुला ठेवण्याचा आग्रह अधिक घट्ट व्हायला हवा होता.

त्या दोन पट्ट्यांमध्ये एक किलोहर्ट्झची फट सोडलेली आहे. आरटीटीवाय बुडाल्यावर मी डायल तिथे, १४.१०० वर नेली. जगभरातील अठरा बीकन (खुणेचे सिग्नल सोडणारी केंद्रे) तेथे पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात: आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग चार लांब सूर, पहिला १०० वॅटचा, नंतर १०, १ आणि शेवटी ०.१ वॅटचा. तीही यंत्रेच. एकाचे कॉलसाइन मी कागदावर उतरवून घेतले. त्याचा तिसरा सूर जेमतेम ऐकू आला, चौथा नाही.