आई-बाबांचा कॉम्प्युटर लिनक्सवर नेताना

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. घरातलं जुनं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नसलं, तरी भंगारात काढू नका. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम; तिचा लिनक्स मिंट हा प्रकार ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतो. फक्त घाई नको. आधी विंडोजवरच फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी ही लिनक्सवरही चालणारी सॉफ्टवेअर बसवून महिनाभर वापरू द्या. हात बसला की पुढचा बदल फारसा जड जात नाही.

खरी अडचण मराठी फायलींची. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, सोसायटीची इतिवृत्तं युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर देवनागरी नीट दिसणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नसतात. तो फॉन्ट नसला की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि आयुष्यभराचं लिखाण गेलं असं वाटून माणूस हबकतो. म्हणून विंडोज पुसण्याआधीच या फायली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं तिथे हमखास बिघडतात. ती नजरेखालून घाला. मूळ प्रती वेगळ्या पेनड्राइव्हवर जपा.

मिंट बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून प्रिंटर, स्कॅनर, वायफाय तपासा. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं यूएसबी साधन) वापरात असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हेही आधीच बघा. ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोज ठेवलेलंच बरं.

लिबरऑफिसमध्ये सेव्ह करण्याचा नेहमीचा प्रकार वर्डचा ठेवा. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे सिस्टिमच्या प्रती ठेवणारं साधन चालू करा. अपडेटनंतर काही बिनसलं, तर सिस्टिम आदल्या स्थितीत नेता येते. घरच्या फायलींचा बॅकअप मात्र वेगळा घ्यावा लागतो.