नोज व्हीलचा दिवा लागलाच नाही

छोट्या विमानातून समुद्रकिनाऱ्याच्या कडेकडेने उडण्यासारखं सुख नाही. मोठ्या विमानातून ढगच जास्त दिसतात, इथे खाली होड्या दिसतात, वाळूवरची माणसं दिसतात, नदी समुद्राला मिळते तिथला गढूळ पट्टा पार आतपर्यंत गेलेला दिसतो. आमचं विमान चार सीटचं, एका इंजिनाचं, उडाल्यावर चाकं पोटात घेणारं. मित्र चालवत होता, मी त्याच्या शेजारी उजवीकडे, मागे वहिनी. प्रवासाबद्दल सावकाश लिहीन, आज फक्त उतरतानाचं सांगतो.

एअरफील्ड जवळ आल्यावर मित्राने गिअरचा, म्हणजे चाकांचा, लीव्हर खाली केला. खालून घरघर झाली की तीन हिरवे दिवे लागतात, प्रत्येक चाकाचा एक, आणि दिवा लागला म्हणजे ते चाक नुसतं खाली आलेलं नाही तर लॉक पण झालंय. दोन लागले. नोज व्हीलचा, म्हणजे नाकाखालच्या पुढच्या चाकाचा, लागला नाही.

त्याने लँडिंग तिथेच सोडलं, पॉवर देऊन वर आला, टॉवरला सांगितलं आणि गर्दीपासून लांब जाऊन पुरेशा उंचीवर गोल फिरायला लागला. मग मला म्हणाला, "तू दिव्यांकडे बघूच नकोस, बाहेर बघ आणि अल्टिमीटरवर, त्या उंचीच्या काट्यावर, डोळा ठेव, काटा खाली सरकला तर मला ओरडून सांग." तेव्हा मला कळेना की प्रॉब्लेम चाकाचा आणि हा उंचीचं काय घेऊन बसलाय. कारण नंतर वाचलं. 29 डिसेंबर 1972 ला ईस्टर्न एअरलाइन्सची 401 नंबरची फ्लाइट मायामीजवळ एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पडली आणि 101 माणसं गेली, ती नेमकी अशाच दिव्यामुळे. नोज गिअरचा दिवा लागत नाही म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले आणि विमान हळूहळू खाली जातंय हे वेळेत कुणाच्या लक्षातच आलं नाही. चाक खरं तर खाली येऊन लॉक झालेलं होतं, दिवा गेला होता. एवढ्यासाठी एवढी माणसं जावीत हे वाचून मला अजूनही फार वाईट वाटतं.

आमच्याकडेही आधी दिव्यावरच संशय. लागलेल्या दिव्याचा बल्ब काढून न लागलेल्या जागी बसवला, काही नाही. मग चेकलिस्ट मांडीवर घेऊन एकेक ओळ मोठ्याने वाचत त्याने इमर्जन्सी लीव्हर ओढला, म्हणजे हायड्रॉलिक प्रेशर सुटतं आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात, समोरच्या वाऱ्याचा जोर कमी व्हावा म्हणून स्पीड पण कमी केला, तरी दिवा नाहीच. टॉवरसमोरून खालून एक फेरी मारली तर ते म्हणाले चाक दिसतंय पण तिरकं वाटतंय, आणि लॉक झालंय की नाही हे जमिनीवरून कुणालाच सांगता येत नाही.

मग पेट्रोल कमी व्हावं म्हणून घिरट्या. हा वेळ सगळ्यात जड गेला. वहिनी मागे एकदम गप्प होत्या, मध्येच त्यांनी पुढे हात करून माझा खांदा घट्ट धरला आणि नंतर सोडलाच नाही. मी मित्राला विचारलं, इंजिन वरच बंद केलं तर नाक घासलं तरी पुढचा पंखा (प्रोपेलर) वाचेल ना? तो म्हणाला, "विमानाचा विचार मी सोडलाय, आता फक्त तुमचा." नंतर त्याने नीट समजावलं, पंखा वाचवायला वरच इंजिन बंद करायचं आणि अंदाज चुकला तर परत वर जायचा रस्ताच उरत नाही, चाक बिघडून माणसं सहसा मरत नाहीत, असल्या हट्टाने मरू शकतात. मला हे शंभर टक्के पटलंय.

फायनलवर, म्हणजे उतरायला रनवेच्या सरळ रेषेत, आल्यावर त्याच्या सांगण्यावरून मी दरवाजाचं लॅच उघडलं आणि फटीत जॅकेट कोंबलं, कारण आपटल्यावर बॉडी वाकली तर दरवाजा अडकू शकतो. मागची दोन चाकं इतकी अलगद टेकली की कळलंच नाही. मित्राने कंट्रोल पोटाशी ओढून नाक वर धरलं, इंजिन बंद, पेट्रोल बंद, मास्टर स्विच बंद, स्पीड कमी होत गेला तसं नाक आपोआप खाली यायला लागलं आणि नोज व्हील टेकताच दुमडलं. मग पत्रा घासल्याचा कर्कश आवाज, जळका वास, आणि आम्ही रनवेच्या मधोमध थांबलो.

दरवाजा लगेच उघडला. पंखावरून उतरून मागच्या बाजूला लांब पळालो, फायर ब्रिगेडची गाडी तोवर आलीच होती. कुणाला खरचटलं पण नाही. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला एक बीचक्राफ्ट किंग एअर विमान असंच इंधन जाळत तासन् तास फिरून चाकांशिवाय पोटावर उतरलं होतं, त्यातलेही तिघं स्वतःच्या पायांनी बाहेर आले होते.

मेकॅनिकने पाहिलं तर नोज गिअरच्या लॉकचा एक जोड तुटला होता. पंख्याची पाती वाकली, आणि पंखा जमिनीला लागला की आतलं क्रँकशाफ्ट तपासायला अख्खं इंजिन उघडावं लागतं म्हणे, त्यामुळे विमान हँगरमध्येच राहिलं आणि पुढचा रस्ता आम्ही गाडीने केला, वहिनींनीच चालवली.