सोनेगाव-बेलोरा, नववी खेप: डीजी निर्दोष सुटला

घरी फ्लाइट सिम्युलेटरमधे (सिममधे) सेसना १७२ घेऊन मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर जायच्या खेपा मारून राह्यलो. मागच्या अपडेटमधे मी छातीठोकपणे लिहिलं होतं की डीजी (डायरेक्शनल जायरो, विमानाची दिशा दाखवणारी तबकडी) ड्रिफ्ट होऊन, म्हणजे आपोआप सरकून राह्यला आणि म्हणूनच बेलोराच्या ऐवजी मी नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला जाऊन राह्यलो. ते सगळं परत घेतो. डीजीची माफी. एन्कोडरची (नॉब किती फिरला ते मोजणारा पार्ट) पण माफी, त्याला तर मी उपटून डब्यात टाकला होता बिचाऱ्याला.

एन्कोडरचं आधी सांगून टाकतो. हेडिंग बगचा, म्हणजे डीजीवर ठरवलेल्या दिशेची खूण लावायचा, नॉब आता मख्खन चालते. माझा हा केवाय-०४० एन्कोडर कचरा आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणत होतो, पण दोन्ही पिनांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावल्यावर उड्या मारणं बंद. एका टिकला एक डिग्री, शंभर वेळा फिरवून वहीत मोजलं. नागपूरच्या एका दुकानदारानं याच कामासाठी मला आठपट किमतीचा ऑप्टिकल एन्कोडर गळ्यात मारला होता, तो आता पडून आहे, कोणाला पाहिजे तर घेऊन जा.

आता मुद्द्यावर. आठ खेपांचा हिशोब असा होता: दुपारी केलेल्या चारही बरोबर, रात्रीच्या चारपैकी तीन चुकलेल्या. आणि तिन्ही दक्षिणेलाच. अंधाराचा प्रश्न नाही कारण सिममधे टाइम नेहमी सकाळी दहाचाच ठेवतो, वारा शून्य, व्हेरिएशन (खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यातला फरक) आपल्याकडं एका डिग्रीच्याही आत, म्हणजे ट्रू-मॅग्नेटिकची भानगड नाही. म्हणून संशय मशीनवर गेला. मशीनवर संशय घ्यायला बरं वाटते.

डीजी मोजायला बसलो. मॅग्नेटिक कंपासला जुळवला, सरळ उडवला, २५ मिनिटं हात नाही लावला. फरक आला दोन-अडीच डिग्रीचा. आणि मजा म्हणजे तो फरक उलट्या बाजूचा, मला उत्तरेकडं नेणारा! म्हणजे डीजी मला चुकवत नव्हता, उलट माझी चूक थोडी झाकत होता. त्या रात्री डोकंच फिरलं, कारण याचा अर्थ खरी चूक मी समजत होतो त्याहून मोठी निघाली.

मग एन्कोडरला रंगेहाथ पकडायचं म्हणून धान्याच्या कोठीवर मोबाइल टेकवला, स्क्रीन, हात आणि आवाज तिन्ही येतील असा, आणि नववी खेप मारली. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसाची लाईन, एक आठवडा रात्रीची. या आठवड्यात रात्रीची. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप अंधारात तीनदा बदलून, चिखलाचे बूट दारात काढून तीन वाजता घरात आलो. बायको झोपेतच म्हणे, "रातभर पानी ओलून आले, आता तरी झोपा नं. इमान कुठी पळून चाललं काय?" मी म्हटलं पाचच मिनिटं. सकाळी सहाचा उठलेलो, म्हणजे २१ तास झाले होते.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी पाह्यला. टेकऑफनंतर मी मोठ्यानं, स्पष्ट म्हणून राह्यलो, "हेडिंग दोनशे सत्तावन्न." आणि हात बग लावून राह्यला २४७ वर. चार वेळा मागं घेऊन पाह्यलं. आपल्या १७२ च्या डीजीवर २४ (म्हणजे २४०), मग डब्ल्यू (म्हणजे २७०) अशा खुणा तीस-तीस डिग्रीवर, मधे नुसत्या रेघा. २४ च्या पुढची लांब रेघ म्हणजे २५०, तिथून पुढं सात. मी सात मोजले ते २४ पासूनच. तोंड बरोबर, हात चूक, आणि मधे तपासणारा कोणी जागा नाही.

दहा डिग्री डावीकडं, त्यातले सरासरी एक-दीड डीजीनं भरून काढले, राहिले साडेआठ-नऊ. वर्धा नदी साधारण ४५ मैलांवर, वन-इन-सिक्स्टीनं (एक डिग्री चुकलं की साठ मैलांत एक मैल बाजूला) साधारण साडेसहा मैल दक्षिणेला. गणित चोख जुळते. एवढा आनंद मला कपाशीला भाव मिळाल्यावर पण झाला नसता. (मिळाला असता तर.)

पण खरी लाज पुढं आहे. बग चुकला ते चुकला, दुरुस्त करायला दोन संधी होत्या. नॅव्ह लॉगमधे (कितव्या मिनिटाला कोणती खूण दिसणार त्याचा कागद) माझ्याच अक्षरात लिहिलेलं: २५ मिनिटं, वर्धा नदी, आर्वी उजवीकडं, निम्न वर्धा धरणाची भिंत डावीकडं. व्हिडिओत २५ व्या मिनिटाला भिंत उजव्या खिडकीत दिसून राह्यली आणि मी काय म्हणतो, "धरण... आलं," अन् पेन्सिलनं टिक. आर्वी तालुका माझा आहे भाऊ! त्या धरणावर मी पोरांना फिरायला घेऊन जातो! नंतर लॉगप्रमाणं रेल्वे शेवटी शेवटी ओलांडायची, चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास, बडनेऱ्याच्या अलीकडं. मी ओलांडली २९ व्या मिनिटाला, धामणगावजवळ. अकरा मिनिटं लवकर. तर व्हिडिओत साहेब पुटपुटतात, "टेलविंड असन." वारा शून्य मी स्वतः ठेवलेला.

म्हणजे झोप नसलेलं डोकं काही न पाहणारं नसते, ते सगळं पाहते आणि जे पाह्यलं ते आपल्या मनातल्या नकाशात कोंबून बसवते. याच्यावर थोडं वाचलं. १९९७ मधे 'नेचर'मधे आलेला प्रयोग प्रसिद्धच आहे, सलग १७ तास जागं राहिल्यावर हाताची-डोक्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्याकडं गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. मी २१ तासांवर होतो आणि वेळ पहाटे तीनची, शरीराचं घड्याळ दोन ते सहा या वेळात सगळ्यात खाली असते. पायलट लोक उडायच्या आधी स्वतःलाच तपासायची आय-एम-सेफ चेकलिस्ट म्हणतात त्यातला एफ म्हणजे फटिग, थकवा, मी ती आजपर्यंत पाठ असल्यासारखी धाडधाड म्हणून टाकत होतो. १९३८ मधे डग्लस कॉरिगन नावाचा पायलट न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला निघाला आणि २८ तासांनी आयर्लंडमधे उतरला, म्हणे कंपास वाचायला चुकलो. त्यानं ते मुद्दाम केलं असं बहुतेक लोक मानतात, मीही हसायचो. आता कमी हसतो.

तर ठरवलं होतं की दहाव्या खेपेला बेलोरावरून पुढं अकोल्याला शिवणी विमानतळापर्यंत जायचं. ते रद्द. आधी नॅव्ह लॉग बदलतो, खुणेच्या पुढं 'डावी/उजवी' असा वेगळा रकाना आणि तिथं टिक नाही करायची, तर जे दिसते ते लिहायचं, ड किंवा उ. टिक करायला मेंदू लागत नाही. बग लावला की हात काढून आकडा बगवरून वाचायचा, कागदावरून नाही. आणि दर १५ मिनिटांनी डीजी कंपासला जुळवायचा, ते मी करत नव्हतोच, आता सांगून टाकतो.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. बेलोरावर सरळ नेम धरायचाच कशाला? पाचेक डिग्री मुद्दाम उजवीकडं धरायचं, २६२. शेवटी साडेसहा मैल उत्तरेला निघतो, म्हणजे अमरावती शहरावर, आणि तिथं बडनेरा-नरखेड रेल्वे आडवी येते. रेल्वे दिसली की डावीकडं वळा आणि तिला धरून बडनेरा, पुढं लगेच बेलोरा. सरळ नेम धरून चुकलो तर कोणत्या बाजूला चुकलो हेच समजत नाही, इथं बाजू आधीच ठरलेली. समृद्धीचा आधार घेतला असता, पण माझ्या सीनरीत ७०१ किलोमीटरचा अख्खा महामार्ग गायब आहे, जुना डेटा. दहाव्या खेपेला हेच करून पाहतो.

आणि ही खेप भाच्याला शेजारी बसवून. तो नववीत आहे, त्याचं काम एवढंच की मी नकाशा पाहत असताना कधीतरी गुपचूप बग दहा डिग्री फिरवायचा. किती मिनिटांत पकडतो ते लिहून ठेवीन. एकदा रविवारी दुपारी जेवण-झोप झाल्यावर, एकदा रात्री पाणी देऊन आल्यावर. त्याच्या आईनं रात्रीच्याला नाही म्हटलंय, त्याची चाचणी परीक्षा आहे, तर रात्रीचा बग कोणाकडून फिरवून घ्यायचा ते अजून ठरलं नाही. बायकोला विचारायची हिंमत नाही.