दुपारची 'लिंक डाउन': होम सर्व्हरच्या केबलचा छडा

वरच्या खोलीतल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) डबड्याची लिंक, म्हणजे राउटरशी केबलने असलेली जोडणी, नेमकी दुपारीच का तुटते, ते एकदाचं कळलं. ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी: जुना डेस्कटॉप, त्यावर फोटो-बॅकअपसाठी सांबा, म्हणजे घरातल्या नेटवर्कवर फाइली वाटणारा सर्व्हर, आणि राउटर खाली हॉलमध्ये. मधली केबल खिडकीतून बाहेर पडून पश्चिमेच्या भिंतीवरून खाली उतरते. मोठी फाइल पाठवताना सगळं मध्येच थिजायचं, काही सेकंदांनी परत चालू व्हायचं, पण वेग एक दशांश.

'जर्नलसीटीएल -के' मध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, ठराविक जोडी दिसत होती: आधी 'लिंक इज डाउन', मग 'लिंक इज अप', पण १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर. अधूनमधून त्यासोबत एक मोलाची ओळ यायची, 'डाउनशिफ्ट अकर्ड' (वेग खाली उतरवला), आणि शेवटी 'चेक केबलिंग'. म्हणजे दोन्ही टोकांचं गिगाबिटवर एकमत होतंय, पण तारा साथ देत नाहीत म्हणून चिप स्वतःच खाली उतरतेय. कर्नल इतकं स्पष्ट क्वचितच बोलतं. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात: पिन १-२ आणि ३-६. १०० वर एकही एरर न येता काम चालत होतं, म्हणून संशय उरला निळ्या किंवा तपकिरी जोडीवर. एकदा १०० वर उतरलेली लिंक आपणहून वर चढत नसे. संध्याकाळी 'इथटूल -आर' (नेटवर्क कार्डाला वेग नव्याने ठरवायला लावणारी आज्ञा) दिलं की पुन्हा गिगाबिट.

असं काही झालं की पहिला सल्ला मिळतो तो ड्रायव्हर बदलण्याचा. कार्ड आर८१६९ या रिअलटेकच्या ड्रायव्हरवर चालणारं असलं तर विचारूच नका. मी ईईई, म्हणजे ८०२.३एझेडची वीजबचत, तेवढी बंद करून पाहिली. काही फरक नाही. ड्रायव्हरला हात लावण्याआधी त्याच केबलला वेगळ्या चिपचा लॅपटॉप जोडला, तर दुपारी तोही १०० वर. डेस्कटॉप संशयातून सुटला.

दुसरा सल्ला ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवणं) बंद करून वेग १०० वर बांधण्याचा. हा सरळ धोक्याचा आहे. समोरच्या पोर्टला डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) कळत नाही, ते हाफ धरतं, आपण फुल, आणि मग टक्करी मोजत बसा. वेग अडवायचाच असेल तर ऑटो चालू ठेवून इथटूलच्या 'अॅडव्हर्टाइज'मध्ये फक्त १०० फुल जाहीर करावं.

कर्नल ५.८ पासून इथटूलमध्ये केबल टेस्टची सोय आहे, पण चिपच्या ड्रायव्हरने ती पुरवायला हवी. माझ्या कार्डाने हात वर केले. मग साधा उपाय: सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं ती जागा) प्रत्येक नेटवर्क इंटरफेसखाली 'कॅरियर_चेंजेस' नावाची फाइल असते, लिंक जितक्या वेळा वरखाली होईल तितका तिच्यातला आकडा वाढतो. क्रॉनने (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) तो दर मिनिटाला वेळेसकट लिहून ठेवला. रात्री आणि सकाळी आकडा जागचा हलेना. दुपारी जेवणं उरकली की चढायला लागे.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापणारे नऊ दिवस, सुरू, पश्चिमेची भिंत तापलेली, म्हणून पहिला संशय उन्हावर. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, हे खरं. पण अशा केबलच्या लांबीची मर्यादा १०० मीटरची आणि माझी केबल वीसेक मीटर. इतक्या छोट्या केबलचं उन्हाने काय बिघडणार?

उरला कूलर. तो त्याच खिडकीत बसवलेला, आणि केबल त्याच्या पाठीमागून जाते. मोटरचा विद्युत गोंगाट, पत्र्याची थरथर की पाणी, हे ठरवायला कूलर थोडा वेळ माझ्या ताब्यात हवा होता. बाबा म्हणाले, "तुझं नेटवर्क गेलं चुलीत, दुपारी दोनला कूलर बंद होणार नाही." मग प्रयोग सकाळी. आधी नुसता पंखा, पंप बंद: बराच वेळ फाइली ढकलल्या, लिंक ठाम. म्हणजे मोटर निर्दोष, थरथरही निर्दोष. मग पंखा बंद, नुसता पंप. वाळ्याच्या ताट्या भिजल्या, कडेने पाणी झिरपायला लागलं, आणि थोड्या वेळात 'लिंक इज डाउन'. खरं सांगतो, एरर पाहून इतका आनंद कधी झाला नव्हता.

कूलर पुढे ओढला तर मागे केबलला जोड. कुणीतरी पूर्वी दोन तुकडे प्लास्टिकच्या जॉइनरने जोडलेले, आणि थेंब बरोबर त्याच्यावर. आत तपकिरी जोडीच्या पिनांवर हिरवट थर. आठ दिव्यांच्या टेस्टरने सकाळी सगळं ठीक दाखवलं होतं, कारण सकाळी जोड कोरडा असायचा. शिवाय तो टेस्टर फक्त तार सलग आहे की नाही एवढंच सांगतो. जोड्यांची अदलाबदल झाली असेल तरी आठही दिवे लागतात.

नवी केबल नागपूरच्या बर्डी बाजारातून आणली. दुकानात तुकडा मागून ब्लेडने तार खरवडून पाहा: आत चांदीसारखी पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, ती घेऊ नका. बाहेरून जाणार म्हणून काळ्या पॉलिथिलिन आवरणाची, ऊन सोसणारी घेतली. आता मध्ये जोड नाही, वाट कूलरपासून दूर, आणि खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून पडेल.

आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमवर ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतंय, गिगाबिटला तेवढंच मिळतं. भर दुपारी कूलर जोरात चालू असतानाही 'कॅरियर_चेंजेस' थांबलेला. काल रात्री मात्र तो एकदा वाढला, पण तेव्हा लाइट गेली होती: डेस्कटॉप इन्व्हर्टरवर तरला, राउटर गेला. मृगाच्या गडगडाटाआधी राउटरलाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचाय, तो लागला की पुढची नोंद.