विमान जमिनीतून वर आलं!

दीड महिना छळणारा बग अखेर सापडला. गंमत म्हणजे तो माझ्या कोडमध्ये नव्हताच.

स्ट्रॅटक्स या घरी जुळवलेल्या जीपीएसच्या डब्याचा डेटा जीडीएल-90 या विमानी साच्यात वायफायवरून लॅपटॉपवर घ्यायचा, फ्लाइटगिअर या फुकट सिम्युलेटरचं स्वतःचं उड्डाणाचं गणित बंद ठेवून (एफडीएम नल) त्यात ओतायचा आणि खिडकीबाहेरचं दृश्य पडद्यावर उभं करायचं, इथवर मागच्या वेळी आलो होतो. विमानात नेण्याआधी डबा गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवून दिवे घाट चढलो. वळणं बिनचूक जुळली. पण आम्ही डोंगराच्या पोटातून चाललो होतो, डोक्यावर पोकळ जमीन!

या डेटात उंची दोनदा येते. 11 नंबरच्या संदेशात जीपीएसची, 5 फुटांच्या पायरीनं; तिच्यावर मी दोनेकशे फूट गाडलेला. 10 नंबरच्या संदेशात दाबावरून काढलेली. तिच्यावर तितकाच हवेत. दुसरीचं कारण लगेच कळलं. ती 1013.25 हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून मोजतात आणि पावसाळ्यात आपल्याकडचा क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला स्थानिक दाब, सात-आठनं खाली असतो. पहिलीनं मात्र जीव खाल्ला. बाइट उलटे वाचतोय का, ऋण चिन्ह चुकतंय का, भूभागाचा डेटाच खराब आहे का, सगळं उसवून झालं.

उत्तर मिळालं अलिबागला. सहज डबा सुरू केला, लाटा पायाला लागतायत आणि पडद्यावर उंची उणे 200च्या आसपास! तेव्हा ट्यूब पेटली. 11 नंबरचा संदेश डब्ल्यूजीएस-84 च्या लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासूनची उंची देतो, तर सिम्युलेटरची जमीन समुद्रसपाटीपासून मोजलेली. हिंदी महासागरातल्या गुरुत्वाकर्षणाच्या त्या प्रसिद्ध खळग्यामुळे आपल्याकडे समुद्रसपाटीच लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. युरोपात हाच फरक उलटा, म्हणून तिकडची विमानं गाडली न जाता तरंगतात. जीपीएस चिप जी जीजीए नावाची मजकुराची ओळ पाठवते, तिच्यात हा फरक आयता येतो. तो वजा केला आणि घाटात चाकं डांबरावर टेकली. एका ओळीचं काम! त्या रात्री पुन्हा घाट चढून आलो, उगाचच.

आता बेत बदलतोय. भाचा बारामतीला सेसना 172 वर शिकतोय. इन्स्ट्रक्टरच्या परवानगीनं डबा मागच्या सीटवर ठेवून त्यानं सर्किटं, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, मारली आणि लॉग पाठवला. तो फ्लाइटगिअरच्या जेनेरिक प्रोटोकॉलनं फाइलमधून चालवला. बेसवरून फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्याला, वळताना विमान धावपट्टीची सेंटरलाइन ओलांडून पार पलीकडे गेलेलं स्पष्ट दिसलं. "मामा, परत लाव," असं त्यानं सहा वेळा म्हटलं. याचे तास लॉगबुकात धरत नाहीत, पण उडत्या विमानात हलता पडदा बघण्यापेक्षा जमिनीवर बसून आपली चूक बाहेरून बघणं जास्त कामाचं, असं माझं मत झालंय. लाइव्हचं काम तूर्त बाजूला.

एक खोट उरलीय. नाकाची दिशा जीपीएसच्या ट्रॅकवरून येते, त्यामुळे आडव्या वाऱ्यातला क्रॅब, म्हणजे नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उडणं, दिसतच नाही. त्यासाठी होकायंत्रवाला एमपीयू-9250 हा हालचाल मोजणारा सेन्सर मागवला होता. चिपच्या ओळख सांगणाऱ्या रजिस्टरला विचारलं तर हेक्स 71 ऐवजी 70, म्हणजे आत बिनहोकायंत्राचा 6500! स्वस्त बोर्ड घ्याल तर पैसे देऊन मोकळं होण्याआधी एवढं एक रजिस्टर वाचा. आता आयसीएम-20948 हा होकायंत्रवाला दुसरा सेन्सर मागवलाय. तोवर भाच्याला वारा हातानं लिहून ठेवायला सांगितलंय.