‘बॉटल पाम’ नक्की कोणता? रोपांची नोंद: खोडाआधी पान पाहा

तीन ठिकाणांहून आलेलं बी, तिन्ही पुड्यांवर एकच नाव: बॉटल पाम. घोळ इथेच सुरू होतो. आपल्याकडे रस्त्याकडेच्या उंच, पांढुरक्या खोडाच्या रॉयल पामलाही सर्रास हेच नाव आहे. खरा बॉटल पाम म्हणजे मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा हायोफोर्बे लाजेनिकॉलिस. त्याचा सख्खा भाऊ स्पिंडल पाम, हायोफोर्बे व्हर्शाफेल्टाय, रॉड्रिग्ज बेटावरचा. बॉटल ३-४ मीटरवर थांबतो, स्पिंडल ६ मीटरच्या आसपास, आणि रॉयल सहज १५ मीटरच्या पुढे जातो. विजेच्या तारेखाली रॉयल लागला, तर पुढे झाड तोडावंच लागतं.

रॉयल वेगळा काढायची सर्वांत खात्रीची वेळ म्हणजे रुजवण. त्याचं पहिलं पान अख्खं आणि अरुंद, गवताच्या पात्यासारखं येतं. हायोफोर्बेचं, म्हणजे बॉटल आणि स्पिंडल दोघांचंही, पहिलंच पान टोकाला दुभंगलेलं, माशाच्या शेपटीसारखं. हे पान वाळून गेलं की खूणही गेली, म्हणून टॅग तेव्हाच लावा. पेन्सिलने लिहा, मार्करची अक्षरं उन्हाने उडतात.

बॉटल आणि स्पिंडल वेगळे करणं जास्त किचकट आहे. झावळी उलटी धरून देठापासून कण्यापर्यंत (झावळीची मधली शीर) बोट फिरवत पाहा. कोवळ्या स्पिंडलमध्ये मागच्या बाजूने फिकट पिवळा पट्टा सलग धावतो. कोवळ्या बॉटलच्या देठावर आणि पात्यांच्या कडांवर तांबूस-नारिंगी झाक असते. मोठ्या झाडात बॉटलच्या पात्या दोन ओळींत वर उचललेल्या दिसतात आणि झावळी कमानीसारखी वाकून थोडी पिळलेली असते. स्पिंडलच्या पात्या वेगवेगळ्या पातळ्यांत सुटतात, त्यामुळे झावळी भरदार वाटते.

रंग मात्र नुकत्याच उघडलेल्या पानावरच तपासा. हायोफोर्बेला पालाशची (पोटॅशियमची) कमतरता फार लवकर होते. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके पडतात, कडा करपतात आणि बॉटलची झावळीही पिवळी दिसून स्पिंडल वाटू लागते. पट्टा सलग असतो, ठिपके विस्कळीत, फरक एवढाच. अशी पानं कापू नका. झाड त्यातलाच पालाश ओढून नव्या पानाला देतं. कापली तर कमतरता वरच्या पानांत चढते. कुंडीत ०:०:५० (पालाशचं विद्राव्य खत) लिटरभर पाण्यात २ ग्रॅम, महिन्यातून एकदा, आणि आठवड्याने मॅग्नेशियम सल्फेट तेवढंच. नुसता पालाश वाढवला की मॅग्नेशियम कमी पडतं. पडलेले ठिपके जात नाहीत, पुढची पानं स्वच्छ आली की बास.

नर्सरीत सगळे खोडाचा फुगवटा बघतात, आणि लहान रोपात तीच सर्वांत फसवी खूण. कोवळेपणी तिघेही बुडाशी फुगतात. टेपने जमिनीलगत, ३० आणि ६० सेंमीवर घेर मोजून दरवर्षी लिहून ठेवा. बॉटलचा मोठा घेर खालीच राहतो, स्पिंडलचा वर सरकतो.

फुलोरा आला असेल तर रॉयल लांबूनच ओळखता येतो. त्याची पोय (फुलोऱ्याचं बंद आवरण) भाल्यासारखी लांब असते. हायोफोर्बेच्या पोया खोडाच्या टोकाला पानांच्या बुडांनी बनलेल्या हिरव्या नळ्याखाली गोलाकार, शिंगांसारख्या वर वळलेल्या, एका वेळी अनेक. बियांत फॉक्सटेल पामही मिसळला असेल तर पात्यांची टोकं पाहा, कुरतडल्यासारखी असतात.

ट्रेमधली दुभंगलेल्या पानाची रोपं वेगळी लावली आहेत. पट्ट्याची नोंद पिसासारखी पानं सुटल्यावर, घेराची नोंद खोड दिसल्यावर.